उंबऱ्यापर्यंत

त्या मुलीचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण वर्गात तिला सगळे हजरी म्हणत. कारण दिवसभरात तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, तो म्हणजे सकाळी हजेरीच्या वेळचा ‘हजर’. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत ब्र नाही. चिडवलं तरी ती चिडायची नाही, त्यामुळे चिडवणाऱ्यांचाच विरस व्हायचा आणि हळूहळू ते चिडवण्याचं न राहता नुसतं नाव होऊन बसलं. एकदा तर गणिताच्या सरांनी प्रगतिपुस्तकावर तेच लिहिलं आणि मग खाडाखोड करताना कागद फाडून ठेवला.

नववीच्या त्या वर्गाला भाषा शिकवणाऱ्या बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची होती. बाई कडक नव्हत्या आणि फार प्रेमळही नव्हत्या. त्या दमल्या होत्या. कविता विहिरीवर असो की विंचवावर, मुलं खाली लिहायची, ‘कवीने येथे निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ बाई लाल पेनाने बरोबरची खूण करायच्या आणि पुढची वही ओढायच्या. सुरुवातीच्या काळात त्या अशा उत्तरांवरून वर्गाशी भांडायच्या. मग पाच-सात वर्षांनी भांडण संपलं, आणि संपलेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या वर्षी आंतरशालेय कवितावाचन स्पर्धेचं पत्रक आलं. मुख्याध्यापकांनी ते शिक्षकांच्या खोलीत आणून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांनी एकदम चष्मे पुसायला घेतले. शेवटी ते बाईंच्या गळ्यात पडलं. मुलांची स्वतःची कविता हवी, अशी अट होती. बाईंनी वर्गात सांगून टाकलं, “रोज हातात घेता अशी एक वस्तू निवडा आणि तिच्यावर आठ ओळी लिहून आणा. यमक नसलं तरी चालेल. खोटं मात्र लिहू नका.”

हे शेवटचं वाक्य त्या कशाला बोलल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. वर्ग शांत व्हावा म्हणून काहीतरी म्हणायचं, तसं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्रेपन्न वह्या आल्या. एकवीस जणांनी पेनावर लिहिलं होतं, चौदा जणांनी मोबाइलवर. एकाने चमच्यावर लिहिलं होतं आणि चमच्याला ‘हे थोर मानवा’ म्हटलं होतं. बाई मधल्या सुट्टीत वह्या उरकत होत्या. समोर विज्ञानाचे सर चहात बिस्किट बुडवून ते मोडायच्या आत तोंडात टाकण्याच्या कसरतीत होते. हजरीची वही खालून चौथी होती.

*नेलकटर*
*आईची नखं मी रविवारी कापते.*
*उजवा हात आधी. तो ओढून घेत नाही.*
*त्याला काही कळत नाही,*
*म्हणून तो शहाणा.*
*डावा हात घाबरतो, मूठ मिटतो.*
*मी एकेक बोट उघडते*
*आणि म्हणते, झालं, झालं.*
*अजून चार असतात.*

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. पुन्हा वाचलं. मग सरांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘म्हणून तो शहाणा’वर सर हसले. शेवटच्या ओळीला त्यांचं बिस्किट चहात पडलं.

“कुणी लिहिलंय हे?”

“हजरीने.”

“ती बोलते?” सर म्हणाले.

शाळा सकाळची होती, साडेबाराला सुटायची. बाईंनी हजरीला थांबवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की त्याची लाज त्यांना नंतर कितीतरी दिवस वाटत राहिली. त्या म्हणाल्या, “कुठून उतरवलंस?”

“कुठून म्हणजे?” हजरी म्हणाली. “घरी लिहिलं.”

मग थोडं थोडं करून बाईंनी काढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी अपघात झाला होता. आईच्या डोक्याला मार लागला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आवाज निघतो, शब्द होत नाही. वडील बस डेपोत मेकॅनिक, दुपारी दोन ते रात्री दहा. त्यामुळे सकाळी ते घरी असतात आणि हजरीला शाळेत येता येतं. दीडला ते निघतात, त्याआधी तिला घर गाठावंच लागतं. एवढं सांगून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मग आपल्याला अर्धा तास मिळतो,” बाई म्हणाल्या. “रोज अर्धा तास थांबशील?”

“कशाला?”

“लिहायला.”

हजरीने खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी ती थांबली.

बसायला जागा म्हणजे विज्ञानाची प्रयोगशाळा. वर्गखोल्या दुपारच्या शाळेला द्याव्या लागायच्या, आणि सरांनी किल्ली दिली ती “गंधकाच्या बाटलीला हात लावू नका, बाकी काव्याचा स्फोट झाला तर हरकत नाही,” असं म्हणून. लांब ओटे, कोपऱ्यात दोन बेसिन, एका नळाला फडकं बांधलेलं. तिथे त्या दोघी समोरासमोर स्टुलांवर बसायच्या. पहिला आठवडा हजरी लिहून दाखवायची आणि बाई वाचायच्या, बस्स. बाईंना एक गोष्ट मात्र लवकर कळली. या मुलीला काही शिकवायचं नव्हतं. तिने ‘दुःखी’ असं लिहिलं की बाई विचारायच्या, “म्हणजे काय झालं होतं?” आणि ती ते खोडून जे झालं होतं ते लिहायची. एवढंच शिकवणं.

ती आईच्या औषधाच्या डब्यावर लिहायची, ज्यात सात वारांची सात झाकणं होती आणि गुरुवारचं तुटलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंवर लिहायची, ज्या ‘काही लागलं तर सांग’ म्हणत दार लावून घ्यायच्या. स्वतःच्या हातांना येणाऱ्या डेटॉलच्या वासावर लिहायची. आणि लिहू लागली तशी बोलूही लागली. आधी बाईंशी, मग शेजारच्या मुलीशी. एक दिवस बाईंनी वर्गात प्रश्न विचारला आणि मागून तिसऱ्या बाकावरून उत्तर आलं, तेव्हा अख्खा वर्ग माना वळवून बघत राहिला. कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, हजरी वाजली!” आणि सगळे हसले. हजरीही हसली. तिचे दात थोडे पुढे होते. इतक्या दिवसांत ते बाईंनी पाहिलेच नव्हते.

बाईंना त्या दिवसांत झोपेतून जाग यायची ती काहीतरी छान आहे या भावनेने, आणि काय छान आहे ते आठवायला क्षणभर वेळ लागायचा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शाळेत वेळेआधी पोहोचायला लागल्या. विज्ञानाचे सर एकदा म्हणाले, “बाई, जपून हं. पोरीला फार हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका.”

“चढवत नाहीये,” बाई तोडून म्हणाल्या. “ती स्वतःच चढतीये.”

स्पर्धेला तीन आठवडे असताना हजरीने ‘दार’ लिहिली. वहीचं पान फाडून तिने ते बाईंपुढे सरकवलं आणि स्वतः बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

*आमच्या घरात एक दार आहे.*
*ते आम्ही लावत नाही, आईला लावलेलं आवडत नाही*
*असं आम्ही ठरवलंय. तिला विचारता येत नाही.*
*मी आत जाते, भांडं घेऊन, टॉवेल घेऊन.*
*मी बाहेर येते, भांडं घेऊन, टॉवेल घेऊन.*
*डॉक्टर आत येतात, घड्याळ बघतात.*
*माशी आत येते, तिला कुणी काही म्हणत नाही.*
*बाबा उंबऱ्यापर्यंत येतात.*
*आईचे डोळे उंबऱ्यापर्यंत जातात.*
*मध्ये चार फरशा आहेत.*
*मी रोज पुसते.*

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी पान ओट्यावर ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “हीच वाचायची.”

पण दोन दिवसांनी हजरीने कविता स्वच्छ अक्षरात लिहून आणली, तेव्हा ती माशीपाशीच संपली होती. शेवटच्या चार ओळी नव्हत्या.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“काढल्या.”

“का?”

“बाबा वाचतील.”

बाईंना हसू आलं. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता, याचं उत्तर त्या कितीतरी वर्षं वर्गात देत आल्या होत्या. “अगं, कवितेतले बाबा म्हणजे तुझेच बाबा असं थोडंच असतं?”

“मग कुणाचे?” हजरी म्हणाली.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. हजरी वाट बघत होती. चेष्टा नव्हती तिच्या विचारण्यात, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“हे बघ,” बाई शेवटी म्हणाल्या, “कविता तुझी. ठरवायचं तू. मी कोण सांगणारी? फक्त त्या ओळी काढल्यावर खाली काय उरतं ते तूच बघ. माशी उरते. तुला माशीवर कविता वाचायचीये का तिथे?”

हजरी मान खाली घालून पानाकडे बघत राहिली. घड्याळात एकला पाच कमी होते.

“त्या खोट्या आहेत का, त्या ओळी?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

हजरीने पेन घेतलं आणि चारही ओळी पुन्हा लिहिल्या. उभ्याउभ्याच लिहिल्या, दप्तर खांद्याला अडकवलेलं होतं. मग ती पळाली. बाईंचा जीव भांड्यात पडला. आपण एक चांगली कविता वाचवली, असं त्यांना वाटलं.

मग वाचनाची तयारी सुरू झाली. हजरीचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जायचा नाही. बाई प्रयोगशाळेच्या एका टोकाला तिला उभं करायच्या आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, गंधकाच्या कपाटापाशी बसायच्या. “ऐकू आलं नाही.” पुन्हा. “अजून नाही आलं.” पुन्हा. दहाव्या दिवशी आवाज आला. कुठून आला कोण जाणे, खालचा, थोडा खरखरीत, मोठ्या बाईचा असावा तसा. बाहेरून जाणारा शिपाई दारात थांबून राहिला.

पालकांना छापील आमंत्रणं पाठवायची यादी बाईंकडे होती. हजरीच्या घरचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. हजरीला त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी उभी राहून बोलतीये हे बापाने बघायला हवं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

स्पर्धा रविवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात होती. लाल खुर्च्या, मंचावर टेबल, टेबलावर पाण्याचा जग आणि तीन परीक्षक. हजरी मंचामागे रांगेत होती. बाई कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. कार्यक्रम सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर मागच्या दाराने तीन माणसं वाकत वाकत आत आली. तिघांनीही इस्त्रीचे शर्ट घातले होते आणि तिघांच्याही नखांच्या कडा काळ्या होत्या, कितीही घासल्या तरी न निघणाऱ्या. मधला माणूस उंच होता. हजरीसारखेच त्याचे दात थोडे पुढे होते. तो सोबतच्या दोघांना हळूच काहीतरी सांगत होता आणि हसत होता. बाईंनी ओळखलं. लेकीचं कौतुक बघायला तो मित्रांना घेऊन आला होता.

त्या क्षणी बाईंना शेवटच्या चार ओळी आठवल्या. अजून वेळ होता. हजरीच्या आधी दोन मुलं होती. मंचामागे जायचं आणि सांगायचं, माशीपाशी थांब. एवढंच. त्या उठल्याही. मग परीक्षकांपैकी एकाने वळून पाहिलं आणि त्या बसल्या.

हजरीने कविता पाठ केली होती, तरी कागद हातात धरला होता. ती पहिल्या ओळीपासून नीट वाचत गेली. भांडं, टॉवेल, डॉक्टर. माशीच्या ओळीला प्रेक्षकांत थोडं हसू आलं, आणि हजरीने मान वर करून पाहिलं, कोण हसलं ते. तेव्हा तिला वडील दिसले असणार. ती थांबली. सगळ्यांना वाटलं, वाचनातला विराम आहे. एका परीक्षकाने तर मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं.

मग तिने उरलेल्या चार ओळी वाचल्या. आवाज खाली गेला नाही. बाईंनी तिला तसंच शिकवलं होतं.

टाळ्या खूप वाजल्या. बाईंचं लक्ष मागे होतं. तो उंच माणूस समोर बघत बसला होता आणि त्याच्या शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात तिथून हलेना. टाळ्या थांबल्या तरी हात तसाच.

हजरीला दुसरं बक्षीस मिळालं. कार्यक्रम संपल्यावर वडील बाईंपाशी आले. ते दोघे मित्र लांब, पायरीवर उभे होते आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत होते.

“छान शिकवलंत बाई,” ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. मग हजरीला म्हणाले, “चल. आईपाशी बसलेल्या काकूंना घरी जायचं असेल.”

त्यानंतर दोन आठवडे हजरी शाळेत आली. दुपारी थांबली नाही. “आज लवकर जायचंय,” म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात ती आलीच नाही. हजेरीच्या वेळी तिचं नाव आलं की वर्गात क्षणभर पोकळी पडायची आणि मग पुढचं नाव. नऊ दिवस झाल्यावर बाई पत्ता शोधत तिच्या घरी गेल्या.

डेपोच्या कर्मचाऱ्यांच्या इमारती होत्या, तीन मजली, जिन्याला लोखंडी कठडा. दार एका साठीच्या बाईने उघडलं. ती हजरीची आत्या, परगावाहून आलेली. बाहेरच्या खोलीत एक पेटी उघडी होती आणि आत्या तीत पुरुषाचे कपडे घडी करून ठेवत होती. हजरी आतल्या खोलीत होती. तिने बाईंना पाहिलं, “बसा बाई, आईचं होत आलंय,” म्हणाली आणि पुन्हा वळली. दार उघडंच होतं.

“भावाने बदली मागून घेतली,” आत्या म्हणाली. “इथून सहा तासांवरचा डेपो. तिथे कुणी जायला तयार नसतं, लगेच मिळाली. कपडे न्यायलाही आला नाही. मीच नेऊन देते.”

“आणि हिची शाळा?”

आत्याने बाईंकडे नीट पाहिलं. “तो सकाळी घरात असायचा म्हणून शाळा होती. आता वहिनीपाशी सकाळचं कोण बसेल? मला माझा संसार आहे. परवा परत जायचं.”

बाईंनी आवाज खाली केला. “एका कवितेवरून असं घर सोडून जायचं? ते आत जात नव्हते, हे काय मुलीने लपवायला हवं होतं?”

“तुम्हाला तिने सांगितलं नाही वाटतं,” आत्या म्हणाली. “स्कूटर तोच चालवत होता. वहिनी मागे होती. त्याला खरचटलंसुद्धा नाही.”

बाई पेटीकडे बघत राहिल्या. वर एक निळा स्वेटर होता.

“हॉस्पिटलातून वहिनीला घरी आणली तेव्हा हा डेपोतच झोपायचा,” आत्या सांगत होती. “सहा महिने. मग जिन्यात येऊन बसायला लागला. मग या खोलीत. उंबऱ्याशी येऊन उभा राहायला त्याला दोन वर्षं लागली हो. कुणी त्याला काही म्हणत नव्हतं. ही पोरगीसुद्धा नाही. येईल आपणहून, असं धरून चाललो होतो आम्ही.” तिने स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या. “थोडं थांबायला हवं होतं तुम्ही.”

बाईंनी अपघाताबद्दल कधी विचारलंच नव्हतं. ‘दुःखी’ शब्दावर ‘म्हणजे काय झालं होतं’ विचारणाऱ्या बाईंनी ‘अपघात’ या शब्दावर ते विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या सहा तासांचा प्रवास करून त्या डेपोत गेल्या. हजरीचे वडील एका बसखाली होते. कुणीतरी हाक मारल्यावर बाहेर आले, बाईंना पाहून चिंध्यांनी हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. बाईंनी वाटेत जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चूक माझी. ओळी तिने काढल्या होत्या, मी परत घालायला लावल्या. आमंत्रण मी पाठवलं. तिला शिक्षा नको. तुम्ही परत चला.

“शिक्षा कसली बाई,” ते म्हणाले. “तिने काय खोटं लिहिलं? खोटं असतं तर दोन थोबाडीत देऊन मोकळा झालो असतो.”

“मग?”

त्यांनी खाली बघून शब्द शोधले. बोलायची सवय असलेला माणूस, पण हे बोलायची नव्हती.

“आधी मी नुसता उभा राहायचो,” ते म्हणाले. “आज नाही तर उद्या जाऊ, असं काहीतरी मनात असायचं. आता उभा राहिलो की मी उभा राहिलेला मला दिसतो. कविता ऐकल्यावर तीन दिवस प्रयत्न केला. पाय उचलायचा तर दूरच, तिथवर जाता येईना. ती आतून बघते. पोरगी बघते. मीही बघतो. इतक्या जणांदेखत कसं जायचं?” मग एकदम व्यवहारी आवाजात म्हणाले, “पैसे पाठवतो मी. वेळेवर पाठवतो. तुम्ही जेवून जा. इथे कँटीन आहे.”

बाई जेवल्या नाहीत. परतीची बस लगेच होती.

त्यानंतर त्यांनी जे जे करता येईल ते केलं. मुख्याध्यापकांकडून हजरीचं नाव पटावर ठेवून घेतलं, ते वर्षअखेरीला गेलं. बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज आणून दिला. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर त्या पुस्तकं घेऊन जायच्या. पहिल्या महिन्यात हजरी पुस्तकं उघडायची. मग त्यांच्यावर औषधांच्या चिठ्ठ्या आणि हिशोबाच्या पावत्या साचायला लागल्या. आईला पाठीला जखम झाली होती, दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. विज्ञानाच्या सरांनी ओळखीतून एक मदतनीस बाई शोधून दिली. ती अकरा दिवस आली. खालच्या काकू जिन्यात भेटल्या की बाईंना म्हणायच्या, “फार गुणी मुलगी आहे हो,” आणि दार लावून घ्यायच्या.

अर्जाची तारीख निघून गेली. हजरीने तो भरलाच नव्हता, आणि बाईंनीही विचारायचं टाळलं होतं.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी बाई गेल्या तेव्हा हजरी चादरी बदलत होती. ती उंच झाली होती. आता तिचं ते टोपणनाव कुणी घेणारं नव्हतं, आणि खऱ्या नावाने हाक मारणारंही घरात कुणी उरलं नव्हतं. बाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं. आईला एका कुशीवर करताना हजरीने कसं धरायचं ते दाखवलं, “मानेखाली नको बाई, खांद्याला.” बाई या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या. चार पावलांचंच अंतर होतं, ते कधी पार झालं ते त्यांना कळलं नाही.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं. न विचारता त्यांना राहवलं नाही.

“लिहितेस का काही?”

“नाही.”

“वेळ नसतो, कळतं मला. पण दोन ओळी...”

“वेळ असतो,” हजरी म्हणाली. “दुपारी असतो. पण लिहायचं तर बघावं लागतं ना बाई, तुम्ही सांगायचात तसं. मध्ये मी एकदा बघितलं. आईचं सगळं, नीट. मला इतका राग आला. आईचा नाही, तसाच. आणि मग संध्याकाळी तिला पुसताना माझा हात जोरात लागला. वळ उठला.” तिने आईच्या डाव्या दंडावरून बोट फिरवलं, जिथे आता काहीच दिसत नव्हतं. “म्हणून मी बघत नाही आता. नुसतं करते. नुसतं केलं की हात हलका राहतो.”

बाईंना म्हणायचं होतं की तो राग लिही. सव्वीस आणि एक सत्तावीस वर्षांच्या सवयीने ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“वही आहे अजून?” त्यांनी नुसतं विचारलं.

“आहे की. मागची पानं कोरी होती. त्यांत कूस बदलल्याच्या वेळा लिहिते.”

पलंगावरून आवाज आला. आई बाईंकडे बघत होती आणि काहीतरी म्हणत होती. नुसता एक हुंकार नव्हता तो. चढउतार होते त्यात, मध्ये थांबणं होतं, पुन्हा सुरू होणं होतं. डावा हात चादरीवरून उचलला जाऊन पुन्हा पडला. सांगायला बराच वेळ लागला आणि शेवटी शेवटी तिचा श्वास पुरेना. मग ती थांबली आणि उत्तराची वाट बघायला लागली.

बाईंना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी हजरीकडे पाहिलं. या वर्षभरात आईचं बोलणं थोडंफार कळायला लागलं होतं ते फक्त या मुलीला, हे त्यांनी पाहिलं होतं.

“काय म्हणतात?”

हजरीने चादरीची घडी हनुवटीखाली धरली आणि दोन्ही हातांनी खालची बाजू जुळवली. आईकडे पाहिलं. मग बाईंकडे न बघता म्हणाली, “काही नाही. चहा घेणार का विचारतीये.”

“घेईन,” बाई म्हणाल्या.

हजरी चहा ठेवायला गेली. आई अजून बाईंकडे बघत होती. बाईंनी मान डोलावली, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि स्टूल ओढून पलंगाशी बसल्या.